औषधाला दाद न देणारा क्षयरोग

क्षयाचे जंतू नेहमीच्या औषधांना पुरून उरतात, त्या अवस्थेला औषधप्रतिरोधी क्षयरोग म्हणतात. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधे निकामी ठरली, की तो ‘एमडीआर’ टीबी.

प्रतिकार औषधामुळे जन्मत नाही. जंतू वाढताना त्यांच्यात आपोआप बदल होत असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू सुमारे १० लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिनला सुमारे १० कोटींत एक. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात जंतू कोट्यवधी असतात. अशा वेळी एकटे औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि हे मोजके प्रतिरोधी जंतू मोकळ्या रानात वाढतात. दोन्ही औषधांना एकदम चकवणारा जंतू मात्र अतिशय दुर्मीळ. सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात ती याच हिशेबाने. ताप उतरला, भूक लागली म्हणून गोळ्या मध्येच बंद केल्या, चुकीची औषधे लिहिली गेली किंवा पुरवठा तुटला, की हा हिशेब बिघडतो.

तरीही ‘गोळ्या सोडल्या असतील’ असे म्हणून रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे. २०१४–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आधी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ११.६ टक्के रुग्णांना एमडीआर टीबी होता. पण नव्या रुग्णांतही तो सुमारे २.८ टक्के निघाला. हवेतून थेट प्रतिरोधी जंतूच मिळाला, तर माणसाने काय करावे?

म्हणून पहिल्या गोळीआधी बेडका तपासणे महत्त्वाचे. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत उपचार होतात, शहरात क्षयरोगाची संदर्भ प्रयोगशाळाही आहे. बेडक्यातल्या जंतूंची जनुके तपासणारे सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत रिफॅम्पिसिनचा प्रतिकार सांगते. मात्र डबीत नुसती लाळ नको. सकाळी चूळ भरून, उघड्यावर उभे राहून, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा.

पूर्वी उपचार दीड-दोन वर्षे चालत. रोजच्या इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. २०२४ मध्ये भारताने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा तोंडी उपचार मंजूर केला. तो सगळ्यांनाच चालत नाही. लिनेझोलिडने तळपायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते. हे डॉक्टरांना तेव्हाच सांगावे, परस्पर गोळी बंद करू नये.

प्रतिबंधात नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. पारा ४५ अंशांकडे गेला की दुपारी दारे-खिडक्या बंद होतात. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवत राहतो. तो खिडकीत बाहेरून बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे जंतू असलेली हवा बाहेर जाते. रुग्णाने मास्क लावावा. पोषणासाठी सरकार उपचाराच्या काळात दरमहा १,००० रुपये खात्यात देते. तो पैसा रुग्णाच्या ताटातच पडला पाहिजे.

घरातल्या प्रत्येकाची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी. एमडीआर रुग्णाच्या सहवासातल्यांना रोग होऊ नये म्हणून नुसते आयसोनियाझिड देऊन भागत नाही. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ पासून सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन सुचवले आहे.