ग्रुप कुठे काढायचा? (फुकटात काढणाऱ्यांसाठी)

आमच्याकडे ऑनलाइन ग्रुप सेटअप करून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधीच ठरवून येतात की व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायचा, का तर सगळ्यांकडे तेच असतं. कारण चुकीचं नाहीये, लोक जिथे आधीपासून आहेत तिथे नेणं सगळ्यात सोपं, पण मग वर्षभराने तेच म्हणतात की कुणालाच काही सापडत नाही, तेच तेच प्रश्न परत येतात आणि गुड मॉर्निंगच्या ढिगात कामाचं सगळं गाडलं जातं. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी हे बघा की तुमचे लोक गप्पा मारणार आहेत की माहिती साठवणार आहेत. गप्पा, निरोप, उद्या किती वाजता भेटायचं असलं असेल तर व्हॉट्सॲप मस्त चालतं. एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, त्यापेक्षा जास्त असतील तर कम्युनिटी करून आत वेगवेगळे ग्रुप ठेवता येतात. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाचा नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. ओळखीच्यांत ठीक, पण अनोळखी लोक एकत्र येणार असतील, त्यात बायका-मुली असतील किंवा आजारपणासारखा नाजूक विषय असेल, तर आम्ही सरळ नको म्हणतो.

टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो, ग्रुप २ लाखांपर्यंत जातो, नवीन आलेल्याला जुने मेसेज वाचता येतात (अ‍ॅडमिनने तसं सेटिंग ठेवलं असेल तर) आणि मोठ्या ग्रुपमध्ये विषयांचे वेगळे कप्पे पाडता येतात. पण टेलिग्रामच्या ग्रुपमधलं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे ग्रुपमधले लोक सोडून कुणालाच, कंपनीलाही वाचता येणार नाही असं) नसतं, व्हॉट्सॲपचं असतं, हा फरक बऱ्याच जणांना उलटाच वाटतो.

डिस्कॉर्ड २०१५ साली गेम खेळणाऱ्यांसाठी आलं, आता तिथे अभ्यासापासून विणकामापर्यंत सगळे असतात. चॅनेल, व्हॉइस रूम, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, एवढं सगळं फुकटात क्वचितच कुठे मिळतं. आमचं मत विचाराल तर तरुण मंडळी असतील तर हेच घ्या. वयस्कर लोक असतील तर मात्र पहिल्याच स्क्रीनवर गांगरतात आणि परत येत नाहीत, हे आम्ही बघितलंय. आणि तिथे ग्रुपला 'सर्व्हर' म्हणत असले तरी तो तुमच्या मालकीचा नसतो बरं का, शिवाय आतलं बोलणं गुगलवर सापडत नाही, त्यामुळे बाहेरचा माणूस शोधत शोधत तुमच्यापर्यंत येईल ही आशा सोडा.

स्लॅक ऑफिससाठी छान, पण फुकटच्या प्लॅनमध्ये फक्त मागच्या ९० दिवसांचं दिसतं आणि वर्षापेक्षा जुनं तर पुसूनच टाकतात. माहिती साठवायची असेल तर हा विषय इथेच संपला.

फेसबुक ग्रुपवर नवीन माणसं आपोआप येतात हा मोठा फायदा, पण कुठली पोस्ट कोणाला दिसणार हे तुम्ही नाही, फेसबुक ठरवतं. आणि ग्रुप कितीही मोठा झाला तरी सदस्यांच्या ईमेलची यादी अ‍ॅडमिनला उतरवून घेता येत नाही.

आता खरा मुद्दा. फुकटची जागा मालक कधीही बंद करू शकतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. या कंपन्या काही छोट्या नव्हत्या. ज्यांनी आपल्या लोकांचे पत्ते वेगळे लिहून ठेवले होते त्यांना नवीन जागी निदान निरोप तरी देता आला, बाकीचे विखुरले. म्हणून आम्ही प्लॅटफॉर्मपेक्षा निघायच्या दाराबद्दल जास्त बोलतो, लोकांना कंटाळा येतो तरी. टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमधून पूर्ण चॅट बाहेर काढता येतं, व्हॉट्सॲपमधूनही येतं पण मेसेज साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळतात. डिस्कोर्ससारखं (हे डिस्कॉर्ड नव्हे) चर्चेची वेबसाइट चालवायचं ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घेऊन स्वतः चालवू शकेल असं सॉफ्टवेअर घेतलंत तर पूर्ण बॅकअप तुमच्या हातात राहतो आणि जुनी चर्चा नीट शोधता येते, पण मग सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हरचं भाडं आणि अपडेटची कटकट तुमच्याच गळ्यात.

कुठलीही जागा घ्या, दोन गोष्टी पहिल्या दिवशीच करा. अ‍ॅडमिन किमान दोघं ठेवा, कारण एकाचा फोन हरवला किंवा त्याचं अकाउंट ब्लॉक झालं की ग्रुप पोरका होतो. आणि सदस्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने, नाव आणि ईमेलची यादी वेगळ्या शीटमध्ये ठेवा, जी फक्त अ‍ॅडमिनलाच उघडता येईल.

आमच्याकडे सेटअपसाठी येताना साधारण किती लोक आहेत, कोणत्या वयाचे आहेत आणि जुन्या चर्चा परत वाचायची गरज पडते का, एवढं ठरवून या. आधीचा ग्रुप असेल तर तो लगेच डिलीट करू नका, नवीन जागेचा निरोप तिथेच वरती पिन करून थोडे दिवस दोन्ही चालू द्या, मग जुना फक्त वाचण्यापुरता ठेवायचा का ते आपण बघू.