लहान महाविद्यालयांचे क्रॉस कंट्री संघ (अमेरिका)

माळरान, गोल्फचे मैदान किंवा रानवाटेच्या चढउतारांवरून धावायची लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे क्रॉस कंट्री. अमेरिकेत महाविद्यालयीन हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेचा तिसरा विभाग १९७३ साली सुरू झाला. त्यात ४०० हून अधिक संस्था असून बहुतेक लहान व खासगी आहेत. येथे खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देता येत नाही; मदत मिळते ती कौटुंबिक गरज किंवा अभ्यासातील गुणवत्ता पाहून. संघाची सगळी घडण या नियमातून होते.

राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष ८ किमी आणि महिला ६ किमी धावतात. संघाचे सात जण उतरतात, पण गुण पहिल्या पाचांचेच धरतात. त्यांच्या क्रमांकांची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी, तो विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाला मिळाले तर बेरीज १५ येते. याहून चांगले काही नाही. सहावा आणि सातवा प्रतिस्पर्ध्यांना एकेक क्रमांक मागे ढकलू शकतात. पाच जण शेवटपर्यंत पोचले नाहीत, तर संघाची गणनाच होत नाही. त्यामुळे संघाची खरी ताकद पाचव्या धावपटूवरून ओळखावी. पटावर सात-आठच नावे असतील, तर एकाच्या नडगीच्या दुखण्याने अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो.

हा खेळ स्वस्त आहे. बूट, गणवेश, प्रवेशशुल्क, बस आणि मुक्काम एवढाच मुख्य खर्च. शिवाय शुल्कावर चालणाऱ्या महाविद्यालयासाठी धावायला आलेला प्रत्येक विद्यार्थी उत्पन्नही आणतो. मात्र जाहीर शुल्काला धावपटूंच्या संख्येने गुणणे फसवे आहे, कारण सवलती वजा जाता हाती येणारी रक्कम बरीच कमी असते.

खर्चात कपात करू नये अशी जागा प्रशिक्षकाची. पुष्कळ ठिकाणी एकच व्यक्ती मुलामुलींचे दोन्ही संघ सांभाळते, हिवाळ्यात व वसंतात मैदानी स्पर्धांची तयारी करून घेते आणि शाळांमधून नवे धावपटूही शोधते. साहाय्यक बहुधा अर्धवेळ असतात. शिष्यवृत्तीचे आमिष नसल्याने चार वर्षांत मुलांना घडवणे हाच मार्ग उरतो आणि त्याला एका जागी टिकणारा माणूस लागतो. इलिनॉयमधील नॉर्थ सेंट्रल कॉलेजात अल कॅरियस १९६६ मध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांच्या पुरुष संघाने १९७५ ते २०१८ या काळात १९ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पेनसिल्व्हेनियातील हॅव्हरफर्ड कॉलेजात टॉम डॉनेली १९७५ पासून प्रशिक्षक होते. तेथील पुरुष संघ २०१० साली राष्ट्रीय विजेता झाला.

१९९४ च्या कायद्यानुसार संघीय विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या सहशिक्षण संस्थांना खेळाडूंची संख्या, खर्च आणि प्रशिक्षकांचे वेतन दरवर्षी जाहीर करावे लागते. हे आकडे जपून वाचावेत. दैनंदिन खर्चात प्रवास, मुक्काम, साहित्य येते, प्रशिक्षकाचे वेतन येत नाही. वेतनही सर्व खेळांची सरासरी काढून दिलेले असते. क्रॉस कंट्रीत धावणारी मुलगी बंदिस्त आणि खुल्या मैदानी स्पर्धांतही उतरली, तर लिंगसमानतेच्या १९७२ च्या कायद्याखालील मोजणीत ती तीनदा धरली जाते. म्हणून तिन्ही संघांच्या संख्यांची बेरीज केली, तरी प्रत्यक्ष धावणाऱ्या मुली किती हे त्यातून कळत नाही.