ॲलन क्रूगर

क्रूगर, ॲलन बेनेट : (१७ सप्टेंबर १९६०–१६ मार्च २०१९). अमेरिकन श्रम-अर्थशास्त्रज्ञ. बालपण न्यू जर्सीतील लिव्हिंग्स्टन येथे गेले. कॉर्नेलमधून औद्योगिक व कामगार संबंध या विषयाची पदवी (१९८३) आणि हार्व्हर्डची डॉक्टरेट (१९८७) घेऊन ते प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले व अखेरपर्यंत तिथलेच राहिले.

किमान वेतन वाढवले की मालक माणसे कमी करतात, हे त्या काळी पाठ्यपुस्तकांतले जवळजवळ निर्विवाद विधान होते. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने हे वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. क्रूगर आणि अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी दोन्ही राज्यांतील ४१० फास्ट-फूड उपाहारगृहांची वाढीच्या आधी व नंतर पाहणी केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे दिसले नाही. १९९४ साली निबंध छापून आला आणि मोठा वाद पेटला. डेव्हिड न्यूमार्क व विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांवरून उलट निष्कर्ष काढला, तेव्हा क्रूगर व कार्ड यांनी सरकारी नोंदी मिळवून पुन्हा पडताळणी केली आणि २००० साली उत्तर दिले. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण आधी मोजायचे, मग बोलायचे ही शिस्त या विषयात रुजली, त्यात या अभ्यासाचा वाटा फार मोठा आहे.

हीच चिकाटी त्यांच्या इतर कामातही दिसते. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांच्यासह त्यांनी ओहायोतील ट्विन्सबर्ग येथे भरणाऱ्या जुळ्यांच्या मेळाव्यात माहिती गोळा केली. घर आणि आनुवंशिकता एकच असताना केवळ शिक्षणामुळे मिळकतीत किती फरक पडतो, हे त्यातून वेगळे काढता आले.

सरकारात ते तीनदा गेले : क्लिंटन यांच्या काळात कामगार खात्याचे मुख्य अर्थतज्ज्ञ (१९९४–९५), ओबामांच्या काळात वित्त खात्यात सहायक सचिव (२००९–१०) आणि पुढे राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष (२०११–१३). जिथे विषमता जास्त, तिथे मुलांचे भवितव्य आईबापांच्या मिळकतीला अधिक जखडलेले, हा संबंध त्यांनी २०१२ मध्ये एका भाषणात आलेखाने मांडला.

कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मरणोत्तर दिले जात नसल्याने क्रूगर त्यात नव्हते. एकाच साखळीतील उपाहारगृहांनी एकमेकांचे कामगार घेऊ नयेत, अशी करारातली कलमे क्रूगर यांनी ॲशेनफेल्टर यांच्यासह उजेडात आणली. २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी अनेक साखळ्यांना ती सोडायला लावली.