ताडी (ठाणे–नवी मुंबई परिसर)

ताड, शिंदी, माड (नारळ) व भेरली माड (माशाच्या शेपटीसारख्या पानांचा माड) यांच्या रसापासून आपोआप आंबून होणारे सौम्य मद्य. पारंपरिक व्यवसाय भंडारी समाजाचा. आगरी, कोळी व आदिवासी वस्त्यांतही तिचा वापर जुना आहे.

ठाण्याशी जोडता येणारा एक जुना उल्लेख जॉर्डेनस या डोमिनिकन धर्मोपदेशकाच्या वृत्तांतात आढळतो. तो १३२१ मध्ये ठाण्यात होता. त्याच वर्षी त्याच्या चार फ्रान्सिस्कन सोबत्यांची येथे हत्या झाली. साधारणपणे १३३०च्या सुमारास लिहिलेल्या या वृत्तांतात, नारळाखेरीज ‘तारी’ नावाचे झाड वर्षभर पांढरा, रुचकर रस देते, असे म्हटले आहे. त्याहून सरस रसाच्या ‘बेल्लुरी’ या झाडाचाही निर्देश असून ते भेरली माड असावे, असा कयास केला जातो. जॉर्डेनसची पुढे केरळातील कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली (१३२९), त्यामुळे हे वर्णन ठाण्याचे की मलबारचे, हा प्रश्न उरतोच. ठाण्याकडच्या ताडाला व शिंदीला रसाचा ठरावीक हंगाम असतो. ‘वर्षभर’ हा शब्द माडाच्या प्रदेशाला अधिक लागू पडतो. म्हणून या उल्लेखाला ठाण्याचा स्वतंत्र पुरावा मानण्यापेक्षा, चौदाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर ही कला चांगली रुळली होती, एवढाच निष्कर्ष काढणे अधिक सुरक्षित वाटते.

ताड व माड यांचा रस फुलोऱ्यातून काढतात. फुलोरा बांधून, हलके ठोकून मऊ करतात आणि रोज टोकाची पातळ चकती कोयतीने कापतात. काप जाड झाला तर फुलोरा लवकर संपतो, म्हणून सारे कसब हातात असते. शिंदीची पद्धत वेगळी: शेंड्याखालील सोपटे (पानांचे खोडाला चिकटलेले देठ) काढून खोडालाच खाच घेतात. ही खाच दरवर्षी आलटून पालटून विरुद्ध बाजूस घेतल्याने जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते. त्यावरून झाडाने किती हंगाम दिले, याचा अंदाज जाणकार बांधतात. शिंदीचा रस थंडीत उत्तम येतो.

बिअरसाठी धान्याला मोड आणून त्यातील पिठुळाची (स्टार्चची) साखर करावी लागते. ताडीच्या रसात साखर तयारच असते. शिजवणे नाही, विरजणही घालावे लागत नाही. हवेतील व मडक्याला चिकटलेले यीस्ट, शिवाय झायमोमोनास व लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू काम सुरू करतात. पहाटेचा रस गोड, दुपारचा फेसाळ व आंबूस. दिवसभरात मद्यार्क साधारण ४ ते ६ टक्क्यांपर्यंत जातो आणि पुढे शिरका बनू लागतो. मडके न धुता पुन्हा लावल्यास आंबणे लवकर सुरू होते, तर आतून चुना फासल्यास ते रोखले जाऊन नीरा मिळते. एकाच झाडाची नीरा आणि ताडी यांत फरक आहे तो एवढ्या चुन्याचा, आणि पुढे कायद्यानेही हीच रेघ पाळली.

ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडील स्थानिक कॅथलिक) घरांत ‘फुगे’ या तळलेल्या गोल पावांचे पीठ फुगवण्यासाठी ताडीच वापरत. आता तिची जागा बाजारी यीस्टने घेतली आहे.

१८७८च्या मुंबई अबकारी (मद्यावरील कराच्या) कायद्याखाली झाडागणिक कर व परवाना लागे. १८९२च्या कायद्याने ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत, दारू गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोहफुलांवरही निर्बंध आले. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी बंद होऊन नीरेलाच वाव राहिला. पुढे बंदी सैल झाली. व्यवसायाच्या ऱ्हासाचे कारण म्हणून बहुधा १९७० नंतर नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळासाठी झालेले भूसंपादन व वाढती वस्ती पुढे केली जाते. ते खरे आहे, पण झाडाचा मालक आणि चढणारा यांच्यामध्ये परवान्याचा खर्च त्याआधी कितीतरी वर्षे उभा होता. तो घटक अधिक निर्णायक मानावा लागतो.

सध्या ताडीची दुकाने राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याने चालतात. झाडे कमी आणि मागणी कायम, यातून क्लोरल हायड्रेट मिसळलेली बनावट ताडी विकली जाते. झोप आणणारे हे रसायन जीवघेणे ठरू शकते. झाडाच्या रसाशी त्या द्रवाचा काहीही संबंध नसतो.