जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांचं हृदय प्रत्यारोपण : नोंदणी, पात्रता, कागदपत्रं

लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मधली वर्षं बरी गेली आणि आता डॉक्टर ‘ट्रान्सप्लांट’चं बोलू लागलेत, अशा रुग्णांसाठी ही माहिती.

नोंदणी रुग्णाला परस्पर करता येत नाही. हृदय प्रत्यारोपणाचा परवाना असलेलं रुग्णालय ती करतं. महाराष्ट्रात प्रतीक्षायादी विभागीय समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, सांभाळतं. केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. 2023 मध्ये केंद्र सरकारने अधिवासाची (त्याच राज्याचा रहिवासी असण्याची) आणि 65 वर्षांच्या वयोमर्यादेची अट काढली, नोंदणीसाठी शुल्क घेऊ नका असंही राज्यांना सांगितलं. हृदय मेंदूमृत दात्याचंच मिळतं, त्यामुळे किडनीसारखी नातेवाईक दात्याची कागदपत्रं इथे लागत नाहीत.

औषधं आणि दुरुस्तीचे मार्ग संपले, की पात्रता तपासतात. कॅथ तपासणीत (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन दाब मोजतात) फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा फार निघाला आणि औषधानेही उतरला नाही, तर नुसतं हृदय बदलून भागत नाही. फॉन्टन शस्त्रक्रिया (शरीरातून परत येणारं अशुद्ध रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवणारी) झालेल्यांचं यकृत बारकाईने बघतात. पूर्वी रक्त चढवलं असेल किंवा दात्याच्या ऊतीची झडप बसवली असेल, तर शरीरात परक्या ऊतीला विरोध करणाऱ्या अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात. मग जुळणारा दाता मिळायला वेळ लागतो.

आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, रक्तगट, इको, सीटी हे सगळं जमतं. अडतं ते जुन्या ऑपरेशन नोटपाशी, म्हणजे सर्जनने लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या तपशीलवार नोंदीपाशी. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं नुसतं नाव असतं. शंट (रक्तासाठी जोडलेली वाट) कुठल्या बाजूला, पॅच कशाचा, कुठली रक्तवाहिनी वळवली, हे नोटमध्येच सापडतं. पुन्हा छाती उघडणाऱ्या सर्जनला नेमकं तेच हवं असतं. डॉक्टरांवर नोंदी 3 वर्षं जपण्याचं बंधन आहे, म्हणून तीस वर्षांपूर्वीची फाइल मिळेलच असं नाही. तरी लेखी अर्ज द्याच: नोंद असेल तर 72 तासांत प्रत द्यावी, असा नियम आहे. माळ्यावरच्या पिशव्याही उपसा, आईने बहुधा काहीतरी जपलेलं असतं.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खाजगी असेल तर अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही घ्या.

यादीत नाव लागल्यावर दोन-तीन नातेवाइकांचे नंबर रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे द्या. काढलेलं हृदय साधारण 4 तासांत बसवायचं असतं. तब्येत खालावून भरती व्हावं लागलं तर समन्वयकाला लगेच कळवा, यादीतला प्राधान्यक्रम त्यावरही ठरतो.