हिपॅटायटिस सी : शोध आणि उपचार

हिपॅटायटिस सी म्हणजे त्याच नावाच्या विषाणूमुळे यकृताला येणारी सूज. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. न तपासलेले रक्त चढवणे, एकच सुई अनेकांना वापरणे, डायलिसिसच्या कक्षातील हलगर्जीपणा आणि सुईने घेतलेली नशा या त्याच्या मुख्य वाटा. एका ताटात जेवल्याने किंवा दूषित पाण्याने तो पसरत नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे सत्तर जणांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. त्यांतल्या 15 ते 30 टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण साठून ते कठीण होणे, होऊ शकतो आणि पुढे जलोदर किंवा यकृताचा कर्करोग. बहुतेकांना सुरुवातीला कावीळ होतच नाही. आपल्याकडे यकृताचा आजार म्हटला की डोळे पिवळे दिसतात का ते पाहतात, आणि दिसलेच तर गावातला झाडपाल्याचा जाणकार गाठतात. हा आजार दोन्ही टप्प्यांवर नजरेतून सुटतो.

1970 च्या दशकात हिपॅटायटिसच्या अ आणि ब प्रकारच्या विषाणूंसाठी रक्तचाचण्या आल्या. तरीही रक्त घेतलेल्या अनेक रुग्णांना यकृताची सूज येतच राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील हार्वी ऑल्टर यांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यांचे रक्त चिंपांझींना दिल्यास त्यांनाही आजार होतो हे सिद्ध झाले. कारण मात्र सापडेना, म्हणून आजाराला ‘अ-ही नाही, ब-ही नाही’ अशा अर्थाचे तात्पुरते नाव मिळाले. त्या नावाखाली आणखी एक आजार दडलेला होता. 1955-56 साली दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. तिच्यातील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुढे तपासले गेले, तेव्हा ती साथ अ प्रकारची नसल्याचे दिसले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञ या कामात सहभागी होते. आज त्या आजाराला हिपॅटायटिस ई म्हणतात.

रक्तातून पसरणारा विषाणू 1989 मध्ये सापडला, तोही प्रत्यक्ष न पाहता आणि प्रयोगशाळेत न वाढवता. कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय तुकडे जिवाणूंमध्ये घातले. त्यांपासून तयार झालेल्या असंख्य प्रथिनांपैकी कोणते रुग्णाच्या प्रतिपिंडांना, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांना, चिकटते, हे वर्षानुवर्षे शोधले. अखेर एक तुकडा हाती लागला आणि त्याच्या आधारे विषाणूचा जनुकसंच उलगडला. रक्तपेढ्यांसाठी चाचणी लगेच तयार झाली. ती सुरू झालेल्या देशांत रक्तातून होणारी लागण जवळजवळ थांबली. भारतात ही चाचणी सक्तीची व्हायला नवे शतक उजाडावे लागले. त्याची किंमत वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांनी मोजली.

2020 चे नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळाले. हा एकटा विषाणू आजार घडवू शकतो हे राइस यांनी दाखवले होते. चू आणि कुओ यांना डावलल्यामुळे हॉटन यांनी 2013 मध्ये कॅनडाचा एक मोठा पुरस्कार नाकारला होता. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटता येत नाही, त्यामुळे ते दोघे तिथेही बाहेरच राहिले.

उपचारांची पहिली वीस वर्षे कष्टाची होती. इंटरफेरॉनची इंजेक्शने, पुढे जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि विषाणूच्या पहिल्या जनुकप्रकारासाठी हे सारे 48 आठवडे. ताप, नैराश्य, केस गळणे, रक्त कमी होणे हे सोसूनही त्या प्रकारचे निम्म्याहून कमी रुग्ण बरे होत. सिरॉसिस बळावलेल्यांना तर हे औषध देताच येत नसे, म्हणजे ज्यांना गरज सर्वाधिक तेच वंचित.

कलाटणी मिळाली ती 1999 मध्ये. राल्फ बार्टनश्लागर यांच्या जर्मनीतील चमूने विषाणूच्या जनुकसंचाचा एक भाग यकृतपेशींमध्ये स्वतःच्या प्रती काढेल अशी व्यवस्था जमवली. आता हजारो रसायने पेशींवर तपासता येऊ लागली. त्यातून विषाणूच्या यंत्रणेवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्या निघाल्या. त्यांतील सोफोसबुव्हिरला अमेरिकेत डिसेंबर 2013 मध्ये मान्यता मिळाली. हे औषध विषाणूची प्रत काढणाऱ्या विकराला (एन्झाइमला) खोटा कच्चा माल पुरवते आणि प्रत अर्धवट राहते. डाक्लाटासव्हिर किंवा व्हेलपाटासव्हिर या अशाच दुसऱ्या गोळीबरोबर ते बारा आठवडे घेतले की 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनीही रक्तात विषाणू नसेल तर रुग्ण बरा झाला असे मानतात.

अमेरिकेत या औषधाच्या बारा आठवड्यांची किंमत 84,000 डॉलर ठेवली गेली, म्हणजे रोजची एक गोळी हजार डॉलरची. 2014 मध्ये या औषधाची मालक असलेल्या गिलियड कंपनीने भारतीय औषध कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. 2015 मध्ये इथे 28 गोळ्यांची बाटली सुमारे 20,000 रुपयांना आली, आणि स्पर्धेने भाव आणखी उतरले. पंजाबने 2016 मध्ये मोफत उपचार सुरू केले. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात.

औषधाचा प्रश्न असा बराचसा सुटला. अडले आहे ते रुग्ण शोधण्यापाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्या वर्षी सुमारे 2,42,000 मृत्यू झाले. इजिप्तमध्ये विसाव्या शतकात गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या एका कृमिरोगावर गावोगाव इंजेक्शने दिली गेली आणि त्याच सुयांतून हा विषाणू घरोघर पोचला. त्याच देशाने 2018 पासून कोट्यवधी नागरिकांची तपासणी करून सापडलेल्यांना मोफत गोळ्या दिल्या. अमुक गटालाच तपासायचे असे न ठरवता सगळ्या प्रौढांना तपासायला बोलावले, हे त्या मोहिमेचे वैशिष्ट्य.

लस अजून नाही. प्रती काढताना हा विषाणू चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे त्याचे रूप सतत बदलते. बरे झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते. सिरॉसिस झालेल्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण कर्करोगाचा धोका घटतो, संपत नाही. ब प्रकारचा विषाणूही शरीरात असेल तर उपचारादरम्यान तो उसळू शकतो, म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी त्याची चाचणी करतात. प्रतिपिंडांची चाचणी बरे झाल्यावरही अनेक वर्षे सकारात्मकच येते. त्यामुळे नवी लागण ओळखायला विषाणूचे जनुकीय द्रव्य (आरएनए) मोजणारी चाचणीच करावी लागते.