स्कझी स्कॅनर लिनक्सवर: आधी कार्ड, मग स्कॅनर

मागे 25 किंवा 50 पिनांचं रुंद सॉकेट असलेला जुना, वजनदार स्कॅनर घरात असेल तर तो भंगारात देऊ नका. 1990 च्या दशकातले हे स्कझी (SCSI, संगणकाला उपकरणं जोडायची जुनी पद्धत) स्कॅनर बहुतेक सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) पद्धतीचे. आरसे आणि भिंगातून बघत असल्यामुळे काचेपासून जरा वर उचललेला कागदही त्यांना नीट दिसतो. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी आजच्या पातळ स्कॅनरवर पुसट येतात, इथे त्या वाचता येतात. लिनक्सवर ‘सेन’ (SANE) या मुक्त प्रणालीमुळे असे कितीतरी स्कॅनर अजून चालतात.

स्कझीच का, याचं उत्तर हिशेबात आहे. ए-4 आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) सुमारे 26 एमबी भरतं. जुन्या पॅरलल पोर्टमधून सेकंदाला जेमतेम 150 केबी जायचे, म्हणजे एका पानाला तीन मिनिटं. पहिल्या पिढीच्या स्कझीचा वेग सेकंदाला 5 एमबीपर्यंत होता.

आधी संगणकातलं स्कझी कार्ड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसतंय का ते बघा, तोवर स्कॅनरकडे वळू नका. पीसीआय (PCI) स्लॉटमधलं कार्ड स्वतःची ओळख देतं आणि ड्रायव्हर बहुधा आपोआप चढतो. त्याआधीच्या जुन्या आयसा (ISA) स्लॉटमधल्या कार्डांना बऱ्याचदा पत्ता सांगावा लागतो. अडॅप्टेकच्या 1505 कार्डासाठी एएचए152एक्स हा ड्रायव्हर चढवताना पोर्ट (हेक्समध्ये 340 किंवा 140) आणि इंटरप्ट (कार्ड ज्यावरून प्रोसेसरचं लक्ष वेधतं तो क्रमांक) द्यावा लागतो.

यानंतर टर्मिनेशन, म्हणजे केबलची टोकं नीट बंद करणं, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. केबलच्या उघड्या टोकाशी पोचलेला विद्युत संकेत विहिरीतल्या हाकेसारखा परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. टोकाला योग्य रोध बसवला की तो तिथेच जिरतो. म्हणून एकामागून एक जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना असे रोध, म्हणजे टर्मिनेटर, हवेत आणि मध्ये एकही नको. कार्डाला फक्त स्कॅनर जोडलेला असेल तर एक टोक कार्ड, दुसरं स्कॅनर. अर्धं पान येऊन स्कॅन थांबत असेल तर ड्रायव्हर बदलण्याआधी हे तपासा.

प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा हवा. कार्ड बहुधा 7 घेतं, स्कॅनरचा क्रमांक मागच्या छोट्या चकतीवर बदलता येतो. स्कॅनर आधी चालू करा, संगणक नंतर.

आता कर्नलच्या स्कझी यादीत स्कॅनर दिसायला हवा. एचपीचे काही स्कॅनर तिथे ‘प्रोसेसर’ या प्रकारात दिसतात. घाबरू नका, तोच तुमचा स्कॅनर. हार्ड डिस्कला एसडीए असं नाव मिळतं, तर स्कॅनरशी बोलायला एसजी हे मॉड्यूल आणि एसजी0 सारखी फाइल लागते. सेनचा शोधक आदेश (sane-find-scanner) रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवल्यावर स्कॅनर सापडला, पण साध्या वापरकर्त्याला सापडत नसेल, तर हार्डवेअरला हात लावू नका. त्या एसजी फाइलची वाचण्या-लिहिण्याची परवानगी स्कॅनर गटाला द्या आणि स्वतःला त्या गटात घाला.